आधी रंग की आधी चिकटवणे? टायगर मॉथचे पहिले किट बांधताना

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. तिथे चार इंजिनांचे अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर उभे आहे, सी हॉक आणि सी हॅरियर आहेत, आणि शाळांच्या सहली त्यांच्याभोवतीच गर्दी करतात. मी भाच्याला घेऊन जातो तेव्हा आधी एचटी-२ पाशी थांबतो. एकामागे एक अशा दोन जागा, कायम बाहेर असलेली चाके, साधेसे नाक. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याची रचना केली आणि ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते पहिल्यांदा उडाले. त्याआधी आपल्याकडची मुले विमान चालवायला शिकत ती टायगर मॉथ या दोन मजली पंखांच्या ब्रिटिश विमानावर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बेगमपेठ आणि जोधपूरच्या प्रशिक्षण शाळांत तेच होते, आणि फ्लाइंग क्लबांतही तेच.

"मामा, असलं विमान घरी बांधता येईल?" भाच्याने विचारले, आणि त्या प्रश्नातून आमच्या पडवीतल्या टेबलावर पहिले टायगर मॉथ आले. एचटी-२ चे किट, म्हणजे जोडून मॉडेल करायच्या प्लास्टिकच्या सुट्या भागांची पेटी, अजून माझ्या हाती लागलेले नाही. टायगर मॉथचे मात्र एअरफिक्स या मॉडेलवाल्या कंपनीने १/७२ आणि १/४८ अशा दोन्ही मापांत काढलेले आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ८.९४ मीटर. म्हणजे १/७२ मध्ये तो साधारण साडेबारा सेंटीमीटर भरतो आणि १/४८ मध्ये साडेअठरा. लहान किट स्वस्त पडते आणि चुकले तरी जीव फार हळहळत नाही. पण चाळिशी लागली असेल तर सरळ मोठे घ्या. दोन पंखांमधल्या तारा ओढताना डोळ्यांना फार आराम मिळतो.

पहिलेच किट म्हणून दोन मजली पंखांचे विमान घेऊ नये असे बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. जे विमान आवडते तेच माणूस शेवटपर्यंत नेतो. फक्त एक गोष्ट आधीच कळायला हवी. किटसोबतचा कागद कोणता भाग कशाला चिकटतो आणि त्याचा रंग कोणता ते सांगतो. तो रंग चिकटवण्याआधी द्यायचा की नंतर, हे तो सांगत नाही. साध्या विमानात त्याने फारसे बिघडत नाही. इथे मात्र वरचा पंख एकदा बसला की त्याच्या खालच्या अंगाला, दोन पंखांमधल्या खांबांच्या मागे, वैमानिकांच्या बैठकीच्या पुढे ब्रश पोचत नाही. मी पहिल्या खेपेला कागदाच्या क्रमाने गेलो आणि वरच्या पंखाचा पोटाकडचा पिवळा रंग खांबांभोवती कधीच नीट बसला नाही. म्हणून प्रत्येक भाग हातात घेताना विचारायचे: याला आधी रंग, की आधी चिकटवणे? उत्तर पेन्सिलने कागदावरच लिहून ठेवा. पुढचे सगळे काम त्या खुणांवर चालते.

विमानाची ओळख करून घ्या

मॉथ म्हणजे पतंग, दिव्यावर झेपावणारा. जेफ्री द हॅविलंड यांना कीटकांचा, फुलपाखरांचा नाद होता, त्यातून विमानांच्या या घराण्याला ती नावे पडली. टायगर मॉथ २६ ऑक्टोबर १९३१ रोजी पहिल्यांदा उडाले. पुढच्या जागेवर शिक्षक, मागच्या जागेवर विद्यार्थी. शिक्षकाच्या डोक्यावरच वरच्या पंखाचा मधला भाग होता आणि त्यातच पेट्रोलची टाकी. अडचणीच्या वेळी पाठीवर पॅराशूट घेऊन त्याला बाहेर पडता यावे म्हणून वरचा पंख पुढे सरकवला, आणि पुढे गेलेला तोल सावरायला पंखांची टोके मागे वळवली. टोके मागे आल्यावर खालच्या पंखाचे टोक जमिनीला घासू लागेल, म्हणून खालचा पंख वरच्यापेक्षा थोडा जास्त उचलला.

हे सगळे सांगायचे कारण असे की नवखा माणूस मॉडेल समोरून पाहतो, दोन्ही पंख समांतर दिसत नाहीत, आणि तो खालचे पंख दाबून "सरळ" करतो. ते तसेच असायचे आहेत. खऱ्या विमानाचे समोरून, बाजूने आणि वरून घेतलेले फोटो आधीच जमवून भिंतीवर लावा. शेपटीच्या पुढे दोन्ही बाजूंना असलेल्या आडव्या पट्ट्या काही विमानांवर होत्या, काहींवर नव्हत्या. त्यामुळे फोटो नेमका तुम्ही निवडलेल्या विमानाचा असला तर उत्तम.

हत्यारे आणि जागा

फार काही लागत नाही. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या फ्रेमपासून तोडायला बारीक तोंडाचा कटर, एक धारदार सुरी, टोकदार चिमटा, ४००, ८०० आणि १२०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, दोन चांगले ब्रश, कपड्यांचे लाकडी चिमटे, टूथपिक. यातले निम्मे म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात हार्डवेअरवाल्याकडे आणि स्टेशनरीत मिळते. रंग आणि मॉडेलचा पातळ गोंद मात्र मागवावा लागतो. ब्रशवर पैसे वाचवू नका.

गोंद तीन प्रकारचे हवेत आणि तिघांची कामे वेगळी आहेत. मॉडेलचा पातळ सिमेंट प्लास्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. भाग एकमेकांना लावून धरायचे आणि फटीपाशी ब्रशचे टोक टेकवायचे, सिमेंट आपोआप आत ओढला जातो. बोट त्या फटीवर असेल तर बोटाचा ठसा प्लास्टिकवर कायमचा उठतो. फेव्हिक्विक धातूसाठी आणि अडल्या वेळेसाठी. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते, म्हणून काचेच्या आसपास ते नकोच. काचा बसवायला साधे फेविकॉल, ते वाळल्यावर पारदर्शक होते.

कामाला बसताना छताचा पंखा बंद. उकडते खरे, पण १/७२ मधला खांब माचिसच्या काडीहून बारीक असतो आणि वाऱ्याने उडून कुठे जाईल ते सांगता येत नाही. खिडकी उघडी हवी, कारण सिमेंट आणि थिनर दोन्हींचा वास डोक्यात जातो. टेबलाखाली जुनी पांढरी चादर अंथरा, पडलेला भाग लगेच दिसतो. मुले सोबत असतील तर सुरी मोठ्यांनीच धरायची, आणि कापताना धार नेहमी अंगापासून दूर.

पाऊस, दमट हवा आणि किटची पेटी

आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते. त्या दिवसांत पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका. आतला डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर सरकवायच्या छापील खुणांचा, कागद ओल धरतो, पिवळा पडतो, कधी बुरशी येते. किट घरी आल्या आल्या डेकल झिपच्या पिशवीत घालून, बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाकून लोखंडी कपाटात ठेवा. सूचनांच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वाळवी आणि कसर यांचा भरवसा नाही.

स्प्रे कॅनचा रंग, आणि विशेषतः चकचकीत लॅकर, भर पावसात मारू नका. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर जमते आणि रंग पांढुरका होतो. एअरब्रश असेल तर कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारी बाटली हवीच, नाहीतर रंगाबरोबर पाण्याचे थेंब येतात. पावसाळ्यात मी कापणे, घासणे, जोडणे एवढेच करतो. ब्रशने द्यायचे छोटे रंग चालतात. मोठे रंगकाम चवथ होऊन गेल्यावर, आकाश मोकळे झाले की दुपारी अकरा ते तीन.

कापणे, जुळवणे, जोडणे

सगळी फ्रेम आधी भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. सावलीत वाळवा, उन्हात नको, पातळ पंख वाकतात.

भाग कधीही पिरगळून तोडू नये. कटरने भागापासून दोन मिलिमीटर दूर कापायचे, उरलेला टवका सुरीने, शेवटी पॉलिश पेपर. खांबांच्या बाबतीत मी आणखी एक पायरी घेतो: फ्रेमचा जाड भाग आधी कापून खांब मोकळा करतो, म्हणजे कटरचा दाब नाजूक काडीवर येत नाही. साच्याच्या दोन बाजू मिळतात तिथली बारीक रेघ सुरीची धार आडवी ओढून खरवडायची. कापत नाही, खरवडतो, हे हाताला एकदा कळले की खांब स्वच्छ गोलसर होतात.

मग गोंद न लावता सगळे जुळवून पाहणे. दिवाळीत नरकासुराचा पुतळा बांधणारी आमच्या वाड्यावरची पोरे आधी बांबूचा सांगाडा उभा करून लांबून बघतात, मगच कागद लावतात. तेच इथे. धडाच्या दोन बाजू टेपने धरा, खालचा पंख लावा, वरचा पंख आणि खांब हाताने टेकवून पाहा. कुठे फट आहे, कुठे खुंटी भोकात जात नाही, ते आत्ता कळले तर पॉलिश पेपरचे चार हात पुरतात.

आतली बैठक मात्र धड मिटण्याआधी रंगवून पूर्ण करावी लागते. राखाडी-हिरवा रंग, घड्याळांच्या फळीचे डेकल, मास्किंग टेपची अगदी बारीक पट्टी रंगवून केलेले सीटचे पट्टे. दोन्ही जागा उघड्या असल्याने हे सगळे शेवटपर्यंत दिसते, एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही. चाक पुढे असलेल्या विमानांच्या नाकात वजन घालावे लागते, नाहीतर ती शेपटीवर बसतात. टायगर मॉथला ती कटकट नाही, ते शेपूट टेकूनच उभे राहते.

धड मिटल्यावर सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वळी वर आली तर जोड चांगला बसला. ती लगेच पुसू नका. चोवीस तास जाऊ द्या, मग घासा. खऱ्या विमानाच्या धडावर आणि पंखांवर कापड ताणलेले होते आणि त्याखालच्या पट्ट्यांचे उंचवटे मॉडेलवरही आहेत. जोरात घासले की ते जातात आणि परत येत नाहीत. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून मधल्या पट्टीवरच घासा.

खालचे पंख, शेपटी आणि धड एवढेच आता जोडा. वरचा पंख, खांब, चाके, नाकावरचा पंखा (प्रोपेलर) आणि काचा बाहेर. तारांची भोके याच वेळी पाडायची, हातात फिरवायच्या ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने, आणि अर्ध्या जाडीपर्यंतच. रंग झाल्यावर भोक पाडायला गेलात तर कडेचा रंग उडतो.

रंग

गणपतीच्या चित्रशाळेत मूर्तीला आधी पांढरा हात देतात, मग अंगाचा रंग, मग वस्त्रे, आणि डोळ्यांची आखणी अगदी शेवटी. टायगर मॉथला हाच क्रम हवा. ब्रिटिश प्रशिक्षण विमानांना खालून पिवळा रंग होता, वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. पिवळा रंग फार पारदर्शक असतो. राखाडी प्लास्टिकवर थेट दिला तर हिरवट, मळका दिसतो. खाली पांढरा प्रायमर देऊन त्यावर पिवळ्याचे तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा, आणि ब्रशची दिशा दर वेळी आडवी-उभी बदलून. पहिला हात डागाळलेला दिसतो, त्याने घाबरू नका. जाड रंगाचा एकच हात देण्याचा मोह होतो, तो टाळा.

पिवळा वाळला की त्यावर टेप लावून वरचे रंग. इथे एक तपशील मला फार आवडतो. अनेक विमानांवर खालच्या पंखाच्या वरच्या अंगाचे हिरवे आणि तपकिरी रंग वरच्या पंखापेक्षा एक छटा फिके असत. वरच्या पंखाची सावली खाली पडते, म्हणून खालचा रंग उजळ ठेवला की वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखे दिसतात. मॉडेलवर मूळ रंगात थोडा पांढरा किंवा फिकट पिवळसर रंग मिसळून हे साधते, आणि पाहणाऱ्याला कारण न कळताही विमान खरे वाटते.

पाण्यात मिसळणारा रंग पाण्याने पातळ करा, स्पिरिटवर चालणारा त्याच्याच थिनरने, एनॅमल टर्पेंटाइनने. एकमेकांत मिसळू नका. रंग साधारण पातळ दुधासारखा हवा.

पंखा खऱ्या विमानात लाकडाचा होता. आधी फिकट बदामी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने गडद तपकिरी रेघा. टायर निव्वळ काळे नको, काळपट राखाडी.

डेकल लावण्याआधी चकचकीत वार्निशचा हात लागतो. खडबडीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक येते. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग कागदावरून सरकवून जागेवर, ओल्या ब्रशने सारखे, कापसाने टिपणे. तुम्हाला भारतीय नागरी विमान करायचे असेल तर त्याची नोंदणी व्हीटी या अक्षरांनी सुरू होते, ती अक्षरे वेगळी मागवता किंवा छापून घेता येतात. डेकल वाळल्यावर मंद झळाळीचे वार्निश. पूर्ण मॅट नको, रंगवलेल्या कापडाला थोडा तुकतुकीतपणा असतो.

वरचा पंख

या संध्याकाळी दुसरे काही काम ठेवू नका.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घ्या, त्यात धड आणि खालचे पंख बसतील अशी खाच कापा. विमान त्यात स्थिर बसले पाहिजे. खांब चिकटवायच्या जागांवरचा रंग सुरीने खरवडून प्लास्टिक उघडे करा, नाहीतर सिमेंट फक्त रंगाला चिकटतो. मधले खांब आधी, धडावर. ते उभे राहीपर्यंत दहा मिनिटे थांबा, पण कडक होऊ देऊ नका. मग वरचा पंख उलटा ठेवून त्यात बाहेरचे खांब, प्रत्येक बाजूला दोन. सगळे अजून किंचित हलते असतानाच पंख सुलटा करून धडावर टेकवायचा आणि एकेक खांब चिमट्याने आपापल्या भोकात. भराभर होत नाही म्हणून फेव्हिक्विक घेऊ नका, ते सावरायला वेळच देत नाही.

आता मोजणी. शिवणाचा दोरा शेपटीच्या मधोमध धरून डाव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणा, तिथे पेनाने खूण करा, तोच दोरा उजव्या टोकाला न्या. दोन्ही अंतरे सारखी भरली पाहिजेत. मग समोरून पाहा, वरचा पंख शेपटीच्या आडव्या पात्याशी तिरका दिसत नाही ना. थोडा धक्का, पुन्हा मोजणी. बरोबर जमले की काडेपेट्या आणि पुठ्ठ्याचे टेकू लावून रात्रभर कोणी हात लावायचा नाही.

तारा

खऱ्या विमानात या तारा शोभेच्या नव्हत्या, पंख त्यांनीच धरून ठेवले होते. उडताना पंख वर उचलला जातो, तो ताण घेणाऱ्या तारा धडाच्या खालच्या कडेपासून वरच्या पंखाकडे, बाहेरच्या खांबांच्या डोक्याशी जातात. जमिनीवर पंखांचे वजन पेलणाऱ्या तारा उलट, वरच्या पंखाच्या मध्यापासून बाहेरच्या खांबांच्या पायाशी. समोरून फुली दिसते. एवढे लक्षात ठेवले की कागद न पाहताही तार कुठून कुठे जाते ते सांगता येते.

मासेमारीची तंगूस चालते, पण सगळ्यात बारीक नंबरची. १/७२ मध्ये ०.१ मिलिमीटरच्या वर गेली की दोरखंड वाटते. मला स्वतःला फ्रेमच्या प्लास्टिकची ओढलेली तार आवडते, आणि ती फुकट आहे. उरलेल्या फ्रेमचा बोटभर सरळ तुकडा दोन्ही टोकांना धरून मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर फिरवत राहा. मध्यभाग चमकू लागून ढिला पडला की ज्योतीपासून बाजूला घ्या आणि मगच दोन्ही हात सावकाश लांब न्या. केसाएवढी तार निघते. भराभर ओढली तर बारीक, हळू ओढली तर जाड. पहिल्या पाच-सहा फुकट जातील, फ्रेम भरपूर असते.

कंपासने अंतर मोजून तार नेमक्या लांबीची कापा, टोकांना फेविकॉलचा टिपका, चिमट्याने दोन्ही भोकांत. वाळल्यावर सैल वाटली तर पेटलेली अगरबत्ती तारेपासून सेंटीमीटरभर दूर धरून एकदाच पुढे सरकवा. उष्णतेने प्लास्टिक आकसते आणि तार ताठ होते. थांबलात तर तुटते. हे पहिल्यांदा जमले तेव्हा भाच्याने अगरबत्ती माझ्या हातून काढून घेतली, बाकीच्या सगळ्या तारा त्याने ताणल्या.

शेवटचे भाग

आता चाके, पंखा आणि बैठकींपुढच्या दोन छोट्या काचा, फेविकॉलने. काचेच्या कडांची चौकट रंगवायची तर ती बसवण्याआधी.

तयार विमान पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, पिवळा रंग उन्हाने विटतो आणि तारा सैल पडतात. काचेचे झाकण असेल तर धुळीचा प्रश्नच मिटतो, नसेल तर पंधरवड्यातून एकदा मऊ रुंद ब्रशने, पंखाच्या मुळाकडून टोकाकडे. आणि कपाटात ठेवणार असाल तर त्यात डांबरगोळ्या टाकू नका. कपड्यांना वाचवणारी ती गोळी या प्लास्टिकला मऊ करते. आमच्या घरी कपाटाचा वरचा कप्पा आता गोळ्यांविना असतो, आणि तिथे टायगर मॉथच्या शेजारची जागा भाच्याने एचटी-२ साठी मोकळी ठेवली आहे.